वेळापत्रकातील कोरे चौकोन

बारावीपर्यंतच्या शिक्षणाचे मोजमाप गुणांत होते, तर पदवीच्या शिक्षणाचे मोजमाप आता प्रामुख्याने श्रेयांकांत, म्हणजे रूढ भाषेत क्रेडिटमध्ये होते. प्रथम वर्षात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने या दोहोंतील फरक आधी समजून घेणे इष्ट ठरते, कारण गुण हे परीक्षेतील कामगिरीचे माप आहे आणि श्रेयांक हे अध्ययनाला दिलेल्या वेळेचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून जी अभ्यासक्रमरचना लागू होत गेली, तिच्यात एका सत्रात साधारणतः २० ते २२ श्रेयांक मिळवायचे असतात. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरातील १५ तासांचे अध्यापन आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे काम, असे त्याचे कोष्टक आहे.

विज्ञान शाखेच्या एखाद्या विद्यार्थ्याकडे २२ पैकी १४ श्रेयांक व्याख्यानांचे आणि ८ प्रात्यक्षिकांचे आहेत असे धरले, तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात त्याला दर आठवड्याला १४ तास वर्गात आणि १६ तास प्रयोगशाळेत घालवावे लागतात. मात्र हिशेब येथे संपत नाही. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक एकूण ३० तासांच्या अध्ययनाचा मानलेला आहे. त्यातले पंधरा तास व्याख्यानांत जात असतील, तर उरलेले पंधरा विद्यार्थ्याने स्वतःच्या वाचनात, लेखनात आणि गणिते सोडवण्यात घालवावेत, हे त्यात गृहीत धरलेले आहे. म्हणजेच तासाला तास हे प्रमाण झाले आणि वरच्या उदाहरणात आणखी १४ तासांची भर पडली. बारावीला हा वेळ खासगी शिकवणी, घटक चाचण्या आणि घरच्यांची देखरेख यांनी भरलेला असे. महाविद्यालयात त्यावर कोणाचाच पहारा नसल्याने तो मोकळा भासतो, आणि पहिल्या वर्षाच्या बऱ्याचशा अडचणी या भासातूनच उद्भवतात.

विषयांची निवड आणि श्रेणीचे गणित

नव्या रचनेत मुख्य विषयाबरोबर गौण विषय, अन्य विद्याशाखेतून घ्यावयाचा खुला वैकल्पिक विषय, व्यावसायिक आणि कौशल्यविकासाचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली अशी विभागणी असते. दोन-दोन श्रेयांकांच्या या विषयांकडे ‘असेच पास होण्याचे’ विषय म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते, तथापि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मानसशास्त्र किंवा कला शाखेच्या विद्यार्थिनीने संख्याशास्त्र शिकण्याची अधिकृत सोय याच मार्गाने मिळते. मैत्रिणीने घेतला म्हणून किंवा सोपा असल्याचे कानावर आले म्हणून निवडलेला विषय पुढे सबंध सत्रभर सोबत करतो, याचे भान अर्ज भरताना ठेवावे लागते.

निकालपत्रात मिळणारी सत्राची सरासरी श्रेणी ही साधी सरासरी नसून भारित सरासरी असते. प्रत्येक विषयाच्या श्रेणीगुणाला त्याच्या श्रेयांकांनी गुणून येणाऱ्या बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागले जाते. दहा गुणांच्या श्रेणीत ‘ओ’ म्हणजे १० आणि ‘बी’ म्हणजे ६ धरल्यास, चार श्रेयांकांच्या विषयात ‘बी’ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात ‘ओ’ मिळवणाऱ्याची सरासरी ७.३३ येते, याच श्रेणी उलट पडल्या तर ती ८.६७ होते. वेळ कोठे अधिक द्यायचा, याचे उत्तर या भागाकारातच आहे.

एखादा विषय राहिल्यास महाराष्ट्रात सर्वपरिचित असलेली एटीकेटीची सवलत मिळते, म्हणजे ठरावीक मर्यादेत अनुत्तीर्ण विषय मागे ठेवून पुढील वर्गात बसण्याची मुभा मिळते. ‘केटी लागली तर लागली’ असे सहजपणे म्हटले जात असले, तरी राहिलेल्या विषयाचे तास पुढच्या सत्राच्या तासांत मिसळतात आणि आधीच भरलेल्या आठवड्यावर नवा बोजा चढतो. विद्यापीठांच्या नियमांत सर्रास आढळणारी ७५ टक्के उपस्थितीची अट आणि अंतर्गत मूल्यमापन यांचाही विचार याच दृष्टीने करावा लागतो, कारण जर्नल वेळेवर तपासून घेणे हे सबमिशनच्या आदल्या रात्री शंभर पाने उतरवून काढण्यापेक्षा कमी तासांचे काम आहे.

मोकळा तास भरायचा कसा

स्वाध्यायाचा तास पुस्तकासमोर घालवला म्हणजे अभ्यास झाला असे नव्हे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चारही बैठकींत पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो पहिल्या बैठकीत वाचून पुढील तीन बैठकींत पुस्तक न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला. वाचताना मजकूर ओळखीचा होत जातो आणि ही ओळख म्हणजेच आकलन असा समज होतो. व्याख्यानाच्या दिवशीच वही मिटून त्यातील चार मुद्दे कोऱ्या कागदावर लिहून पाहणे आणि न आठवलेले तेवढेच पुन्हा वाचणे, ही पद्धत म्हणूनच झेरॉक्स नोट्सच्या पारायणापेक्षा उपयुक्त ठरते.

मराठी माध्यमातून विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत आलेल्या विद्यार्थ्यांना याशिवाय भाषेचा उंबरठा ओलांडायचा असतो. विषय समजत नाही असे वाटते तेव्हा अनेकदा संकल्पना ओळखीची असते आणि अडसर केवळ तिच्या इंग्रजी नावाचा असतो. ‘त्वरण’ शिकलेल्या विद्यार्थ्याला ‘अॅक्सिलरेशन’ हा शब्द पहिल्या दिवशी परका वाटतो. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने तयार केलेले विषयवार परिभाषा कोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे सुरू झालेला मराठी विश्वकोश आज महाजालावर खुले आहेत. वहीच्या शेवटच्या पानांवर दोन्ही भाषांतील संज्ञांची जोडयादी वाढवत नेली, तर पहिल्या सत्राअखेर हा अडसर बराचसा दूर होतो.

कार्यालयाची खिडकी

काही कामे अभ्यासाची नसली तरी मुदतीची असतात. मिळवलेले श्रेयांक साठवणाऱ्या राष्ट्रीय श्रेयांक पेढीतील खाते काढावे लागते, आणि महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी उत्पन्नाचा व जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते हाताशी ठेवावे लागते; तहसील कार्यालयातून दाखला येण्यास लागणारा अवधी लक्षात घेऊन ही तयारी प्रवेशाबरोबरच सुरू करणे श्रेयस्कर असते. रॅगिंग हा महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने गुन्हा ठरलेला आहे, त्यामुळे त्याची तक्रार करणे हा भित्रेपणा नसून हक्क आहे. त्यासाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक उपलब्ध आहे.

आर्थिक ओढाताणीत शिकणाऱ्यांसाठी, १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विचारातून रुजलेली ‘कमवा व शिका’ ही योजना राज्यातील अनेक महाविद्यालयांत चालते. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत दिवसाचे मोजके तास काम करून खर्चाला हातभार लावण्याची सोय तिच्यात आहे, आणि या योजनेतील विद्यार्थ्याला तासाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. इतरांनी ती निदान कागदावर मांडून पाहण्यास हरकत नाही. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागणाऱ्या वेळापत्रकात काही चौकोन कोरे असतात, आणि ते उतरवून घेताना विद्यार्थी स्वाभाविकपणे केवळ भरलेले चौकोनच उतरवून घेतात. कोऱ्या चौकोनांपैकी निदान निम्म्यांत विषयाचे नाव, पान क्रमांक आणि ग्रंथालयातील वेळ पेन्सिलीने लिहून ठेवणे, हे पहिल्या आठवड्यात करण्याजोगे काम आहे. पेन्सिलीने अशासाठी, की दुसऱ्या आठवड्यात त्यात दुरुस्ती करावी लागणार हे निश्चित असते.