कॅसिओच्या पेटीत सनई शिरते कशी?

जयंतीच्या गायन पार्टीत हल्ली पेटीमास्तरशेजारी, कधी त्यांच्या जागीच, कीबोर्डवाला दिसतो. आमच्या अमडापूर-चिखलीकडे कंपनी कोणतीही असो, त्या वाद्याला सगळे 'कॅसिओ'च म्हणतात. एकाच पेटीतून सनई, बासरी, व्हायोलिन निघते. मुले विचारतात, एवढी वाद्ये आत मावली कशी?

ढोलकीवर थाप पडली की कातडे थरथरते, त्याने हवा थरथरते आणि ती आपल्या कानावर येते. हार्मोनियममध्ये पितळेची बारीक पट्टी थरथरते. सिंथेसायझरमध्ये असे काहीच हलत नाही, तिथे वीजच थरथरते. ऑसिलेटर नावाचे सर्किट विजेला सतत वर-खाली करते आणि स्पीकरचा पडदा त्या तालावर पुढे-मागे होतो. मधल्या सप्तकातील पांढरी सहा म्हणजे सेकंदाला ४४० कंपने. वरच्या सप्तकात तीच ८८०.

मग सूर एकच असूनही सनई आणि बासरी वेगळी का वाटते? कारण मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूरही वाजत असतात. बासरीत ते थोडे, सनईत भरपूर. करवतीच्या दात्यांसारख्या लहरीत ते सगळे असतात. चौकोनी लहरीत दुप्पट, चौपट गळालेले असतात, म्हणून ती लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटसारखी पोकळ वाटते. नको ते सूर फिल्टर गाळतो. शेजारच्या खोलीत रेडिओ चालू असताना दार लोटून पाहा. गाण्याचा धारदारपणा जातो, ठेका मात्र येत राहतो. फिल्टर म्हणजे असेच दार, फक्त बटणाने कमी-जास्त लोटता येणारे.

तरीही वाद्य ओळखू येते ते मुख्यतः आवाज उठतो कसा आणि विझतो कसा यावरून. ढोलकीचा आवाज क्षणात उठतो आणि लगेच मरतो. हार्मोनियमचा सूर भात्याने हवा दिली की भरतो, बोट उचलेपर्यंत टिकतो. चढ, पहिला उतार, टिकाव आणि विझणे, हे चार टप्पे यंत्रात ठरवता येतात. त्याला एन्व्हलप म्हणतात. लहर तीच ठेवून एवढेच बदलले तरी घंटेची पेटी होते!

अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली विजेच्या दाबावर सूर बदलणारे यंत्र केले. एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर. आपल्या मुंबईत चरणजीत सिंग या सिनेमाच्या वाद्यवृंदातील गिटारवाल्याने १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले जाणकार चकित झाले.

आजच्या बहुतेक कीबोर्डमध्ये मात्र खऱ्या वाद्याचे नमुने साठवलेले असतात. आवाजाची मोजणी सेकंदाला साधारण ४४,१०० वेळा करून आकडे जपतात आणि बोट पडले की तेच आकडे पुन्हा आवाज होतात. ऑक्टोपॅडवरची ढोलकी हीसुद्धा कोणातरी खऱ्या वादकाचीच थाप आहे. त्याचे नाव डब्यावर नसते. आणि तिच्यामुळे गावातल्या ढोलकीवाल्याची सुपारी जाते, हे मला खटकते. तळहात घासून काढलेला घुमारा, गायकाकडे पाहून ऐनवेळी बदललेला ठेका साठवलेल्या नमुन्यात कुठून येणार?

घरात मुलासाठी कीबोर्ड घ्यायचा असेल तर 'पाचशे आवाज' या जाहिरातीला भुलू नये. दुकानातच एक पट्टी हळू आणि मग जोरात दाबून पाहावी. दोन्ही वेळा आवाज सारखाच आला तर ते खेळणे समजावे. मींड काढायला सूर सरकवणारे चाक आहे का तेही पाहावे. आणि पहिले सहा महिने आपोआप वाजणाऱ्या ठेक्याचे बटण बंद ठेवायला सांगावे, नाहीतर लय यंत्र सांभाळते आणि मुलगा नुसती बोटे ठेवतो.