धान निघाल्यावर कबड्डी : अहेरीच्या हंगामाचे गणित

अहेरी : धानाची कापणी आणि मळणी आटोपली, की प्राणहितेच्या काठावरील या तालुक्यात रिकाम्या बांध्यांवर आणि गावाबाहेरच्या आखरावर चुन्याच्या रेघा दिसू लागतात. मकरसंक्रांत ते होळी हा येथील कबड्डीचा खरा हंगाम. क्रीडा संघटनांच्या दिनदर्शिकेशी त्याचा फारसा संबंध नसून तो शेती आणि जंगल ठरवते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा मार्ग बंद होतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रत्येक हात धानात गुंतलेला असतो. मार्चअखेर मोहफुले पडू लागतात आणि मे महिन्यात तेंदूपाने. खेळासाठी उरतात ते जेमतेम आठ-दहा आठवडे.

या काळात भरणाऱ्या खुल्या स्पर्धांचे स्वरूप ठरलेले आहे. गावातील मंडळ वर्गणी व देणगीतून बक्षिसांची रक्कम उभी करते, संघांकडून प्रवेश शुल्क घेते आणि दिव्यांच्या उजेडात रात्रभर सामने खेळवते. काही ठिकाणी खेळाडूंच्या वजनाची मर्यादा असते, जेणेकरून कोवळ्या वयाच्या पोरांनाही संधी मिळावी. नदीपलीकडे तेलंगण आहे; तिकडे या खेळाला ‘चेडुगुडु’ म्हणतात. नाव वेगळे असले तरी चढाई आणि पकड तीच.

या खेळाडूंना हौशी म्हणावे, की व्यावसायिक? बक्षिसाचे पैसे वाटून घेतले जातात, म्हणून ते निव्वळ हौशी नाहीत. त्यावर कोणाचे घर चालत नाही, म्हणून व्यावसायिकही नाहीत. हिशेब मांडून पाहिला, की ही अधांतरी अवस्था स्पष्ट होते. सात खेळणारे आणि पाच राखीव असा बारा जणांचा संघ तीन दिवस बाहेरगावी गेला, असे समजू. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातील रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने प्रत्येकाचे ९३६ आणि संघाचे ११ हजार २३२ रुपये बुडाले. पहिले बक्षीस २१ हजारांचे धरले, तर विजेत्या संघाच्या हाती वरकड ९ हजार ७६८ रुपये राहतात. त्यातून जीपचे भाडे, प्रवेश शुल्क आणि जेवण वजा करायचे. हा झाला विजेत्यांचा हिशेब. पहिल्याच फेरीत बाद होणाऱ्या संघाच्या पदरी नुकसानच. त्यातच मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जाणाऱ्या मजुरांचे जथे ऐन याच दिवसांत निघतात. चांगला चढाईपटू हंगामाच्या मध्यावर संघ सोडून गेला, तर त्याला दोष कोण देणार?

बुडालेल्या मजुरीचा हा प्रश्न जुना आहे आणि जगात अन्यत्र त्यावरून एक खेळच दुभंगला. उत्तर इंग्लंडमधील खाण व गिरणी कामगार रग्बीचा सामना खेळले, की त्यांचा रोज बुडत असे. त्याची भरपाई देण्यास रग्बीच्या मूळ संघटनेने नकार दिला. तेव्हा उत्तरेकडील क्लबांनी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात स्वतंत्र संघटना स्थापन केली. त्यातूनच पुढे ‘रग्बी लीग’ हा तेरा खेळाडूंचा वेगळा खेळ घडला. त्याच्या खालच्या फळीतील अनेक खेळाडू आजही आठवडाभर नोकरी करून सुटीच्या दिवशी मैदानात उतरतात. अर्थात, त्यांच्या सामन्यांना ठरलेले वेळापत्रक, करार आणि गुणतक्ता असतो. अहेरीच्या खुल्या हंगामात यातले काही नाही. कोणती स्पर्धा कधी भरेल, हे पत्रक छापले जाईपर्यंत सांगता येत नाही.

कबड्डीत पैसा नाही, असे मात्र आता म्हणता येत नाही. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या हंगामाच्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजारांची होती, ती राकेश कुमारवर लागली. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले गेले. दूरचित्रवाणीवर हे आकडे गडचिरोलीच्या गावागावांत पोहोचले. त्या मंचाकडे जाणारी वाट मात्र पोहोचलेली नाही.

या वाटेतील पहिली अडचण मातीची. येथील खेळाडू अनवाणी पायांनी मातीवर घडतो. वरच्या पातळीवरील निवड मॅटवर होते आणि मॅटवर बूट घालून खेळावे लागते. पावलाची पकड, वळण्याचा वेग, बोनस रेषेकडे झेपावण्याची पद्धत, सारेच बदलते. मातीत सहज निसटणारा चढाईपटू मॅटवर पहिले काही दिवस चाचपडतो. निवड चाचणी बहुधा त्याच दिवसांत संपलेली असते.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची, आणि खऱ्या अर्थाने तीच मोलाची आहे. राज्य शासनाच्या सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस भरतीतही ते लागू होते. परंतु त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा शासनाच्या स्पर्धेतील वरच्या स्तराचे यश लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. मंडळाच्या खुल्या स्पर्धेत दहा ढाली मिळवल्या, तरी या कामी त्यांचा उपयोग शून्य. ज्या जिल्ह्यात पोलीस भरती हीच अनेक तरुणांची पहिली आशा असते, तेथे हा भेद फार जाचक ठरतो. रोख रक्कम एका स्पर्धेत आणि नोकरीची शक्यता दुसरीत, अशी ही फाळणी आहे.

मान्यताप्राप्त स्पर्धांचा मार्गही सरळ नाही. शालेय स्पर्धेत अहेरीचा विद्यार्थी तालुका, जिल्हा आणि नागपूर विभाग असे टप्पे ओलांडून महाराष्ट्राच्या राज्य स्पर्धेत पोहोचतो. शाळा सुटली, की खुल्या गटात मात्र तो विदर्भाचा खेळाडू होतो. कारण क्रिकेटप्रमाणेच कबड्डीतही विदर्भाची संघटना वेगळी असून राष्ट्रीय स्पर्धेत तिचा संघ स्वतंत्र उतरतो. १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्य प्रदेशाचा भाग होता, त्याची ही खूण. स्वतंत्र संघ असल्याने विदर्भाच्या खेळाडूंना राष्ट्रीय मैदान जवळ आले, हा लाभ नाकारता येणार नाही. तथापि जिल्ह्याचे मुख्यालयच अहेरीपासून शंभर किलोमीटरहून दूर असताना, नागपूर वा अमरावतीतील निवड चाचणीसाठी पदरमोड करून जाणे किती जणांना जमते? आणि ज्या विदर्भातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखविले, त्याच विदर्भाच्या टोकावरील ही व्यथा आहे.

आश्रमशाळांची स्थिती यापेक्षा थोडी बरी. अहेरीत एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. प्रकल्प, विभाग आणि राज्य अशा क्रमाने आश्रमशाळांच्या स्पर्धा होतात. निवास, भोजन व प्रवासाची सोय शासन करते, त्यामुळे मजुरी बुडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. बारावीनंतर हे छत्र अचानक नाहीसे होते. मुलींच्या बाबतीत तर खेळच थांबतो. रात्रीचे सामने आणि परगावचा मुक्काम घरच्यांना मान्य नसतो, आणि महिलांसाठी स्पर्धा भरविणारी मंडळे मोजकीच आहेत.

ही पोकळी काही अंशी भरून काढली ती गडचिरोली पोलीस दलाने. बिरसा मुंडा यांच्या नावाने कबड्डी आणि वीर बाबूराव शेडमाके यांच्या नावाने व्हॉलीबॉल अशा स्पर्धा दलाने घेतल्या आहेत. १८५८ मध्ये चांद्याला फाशी गेलेले शेडमाके याच परिसरातले. या स्पर्धांची रचना पाहण्याजोगी आहे. आधी पोलीस ठाणे, उपठाणे व मदत केंद्रांच्या हद्दीतील गावांचे सामने होतात, त्यातील विजेते उपविभागात आणि तेथून जिल्ह्याच्या अंतिम फेरीत जातात. म्हणजे जिल्ह्याला लीगच्या पायऱ्यांसारखी एक उतरंड आयतीच मिळाली. नक्षलग्रस्त भागातील तरुणांशी संपर्क वाढविणे हा त्यामागील उघड हेतू आहे. खेळाडूच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की दुर्गम गावाच्या संघालाही येथे जिल्ह्याच्या मैदानापर्यंत जाता येते.

एक खर्च मात्र कोणत्याच स्पर्धेच्या पत्रकात नसतो, तो दुखापतीचा. कबड्डीत गुडघा आणि घोटा सर्वाधिक धोक्यात असतो. सात जणांची साखळी अंगावर आली, की वळलेला पाय सोडविता येत नाही. मोठ्या क्लबचा खेळाडू शस्त्रक्रिया करून पुढच्या हंगामात परततो. येथे गुडघ्याची शिर तुटली, तर तपासणीसाठीच चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते. त्यानंतर मोह वेचायला वाकणे आणि तेंदूपानांचे ओझे घेऊन जंगलातून चालणे, ही वर्षभराच्या रोख कमाईची कामेही त्याच पायावर अवलंबून असतात. त्यामुळे होळी जवळ आली, की अनुभवी खेळाडू हात राखून पकड करतात. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, चुन्याच्या रेघा वाहून जातात आणि त्याच जमिनीत धानाचे पऱ्हे टाकले जातात.