ठिपके गेले, रोग गेला नाही

विलगीकरणाच्या टाकीत पाचव्या सकाळी माझ्या पावडर ब्लू टँगच्या अंगावर एकही पांढरा ठिपका उरला नव्हता. मी तांब्याचे औषध थांबवले, पाणी बदलले. नवव्या दिवशी ठिपके दुपटीने परतले, अकराव्या दिवशी मासा गेला. दुकानदाराला चार शब्द सुनावूनही आलो. पण चुकला होता तो माझाच हिशेब.

या परजीवीचे नाव क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स. जपानमध्ये सिकामा यांनी १९३०च्या दशकात त्याचे वर्णन केले, नाव ब्राउन यांनी १९५१ साली दिले. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ 'लपलेले केंद्रक', आणि लपण्यातच याचे सारे कसब आहे. आपल्याला ठिपका दिसतो, तो जीव माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली बसलेला असतो. तीन ते सात दिवस तिथे खाऊन तो फुगतो आणि आपणहून सुटतो, तोही बहुधा रात्रीच्या अंधारात, मासा तळाशी निजलेला असताना. मग काचेला वा वाळूला चिकटून स्वतःभोवती कोष करतो. आत त्याचे विभाजन होत होत शेकडो पिल्ले तयार होतात. बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांत मासा गाठला नाही, तर ती मरतात.

तांबे मारते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. त्वचेखाली ते पोचत नाही, कोषातही शिरत नाही. म्हणजे पाचव्या दिवशी ठिपके गेले ते औषधाने नव्हे. परजीवी आपल्या वेळापत्रकाप्रमाणे खाली उतरले होते, आणि मी नेमके तेव्हाच औषध काढून घेतले! मुक्त तांब्याची मात्रा लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, तीही तीन-चार आठवडे अखंड राखावी लागते. कमी पडली तर उपयोग नाही, वाढली तर मासाच दगावतो. प्रवाळाची वाळू तांबे शोषून घेते, म्हणून ही टाकी उघड्या काचेची हवी आणि मोजणी रोज हवी.

दुसरी चूक अधिक महाग पडली. मी एकच जाळी दोन्ही टाक्यांत बुडवली होती. मोठ्या टाकीतल्या नऊ वर्षांच्या क्लाउनफिशच्या जोडीवर ठिपके दिसले. तिथे प्रवाळ आणि कोळंबी असल्याने तांबे टाकण्याचा प्रश्नच नव्हता. जोडी बाहेर काढली आणि या खेपेस औषधाऐवजी स्थलांतराचा मार्ग धरला. इस्राएलमधील अँजेलो कोलोर्नी यांनी १९८०च्या दशकात मांडलेली ही युक्ती विलक्षण साधी आहे. कोष फुटायला निदान तीन दिवस लागतात. त्याआधीच मासा स्वच्छ टाकीत हलवायचा, जुनी टाकी धुऊन खडखडीत वाळवायची. दर तीन दिवसांनी, असे चार वेळा. गळून पडलेले कोष दरवेळी मागे राहतात. (मखमली रोगाला मात्र ही पद्धत पुरत नाही, त्याचे कोष याहून लवकर फुटतात.) दोन प्लॅस्टिकच्या टाक्या, दोन हीटर, दोन जाळ्या, आणि रात्री अकराला मिठाचे पाणी कालवताना घरच्यांची बोलणी, एवढाच खर्च.

जोडी वाचली. पण मोठ्या टाकीतले कोष उशिरात उशिरा ७२ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे, तोवर तिथे एकही मासा नको. आज सेहेचाळिसावा दिवस. प्रवाळांना प्रकाश देतो, पाणी तपासतो आणि कॅलेंडरवर फुली मारतो.