आजोबांची पेटी नातवाच्या हाती: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

धान कापून घरात आलं की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, इथून नाट्यमंडळांच्या गाड्या निघतात आणि होळीच्या सुमारापर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्यातल्या गावांत रात्र-रात्र प्रयोग चालतात. याच रंगभूमीवरच्या कामासाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटक, दंडार, खडी गंमत, भजन या सगळ्यांमुळे या भागात अनेक घरांत आणि मंडळांत एखादी जुनी पेटी जपलेली असते. आजोबांनी ती वाजवलेली असते, वडिलांनी पुसून ठेवलेली असते. मग घरातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी एक दिवस म्हणते, ‘मला द्या ना वाजवायला.’ तिथून वाद सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या भीतीवर चालतो.

‘पोराच्या हाती गेली की पेटी मोडलीच’

पेटी खरोखर कशानं बिघडते ते आधी पाहू. चंद्रपुरात मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसपर्यंत चढतो. त्या कोरड्या उष्णतेत लाकूड आकसतं, सांधे उकलतात, सरसानं चिकटवलेले भाग सुटतात, भात्याच्या घड्यांवरचं चामडं कडक होऊन तडकतं. जूनच्या मध्यावर पाऊस आला की तेच लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, दाबलेली पट्टी वर येत नाही. पेटी कपाटात बंद असली तरी यातलं काहीच टळत नाही. उलट बंद कपाटात कसर आतल्या लोकरी बनातीत शिरते, झुरळं घर करतात, उंदीर भाता कुरतडतात आणि वाळवी तळाच्या फळीतून आत येते. वर्षातून एकदा, दसऱ्याला, पूजेपुरती बाहेर काढलेल्या पेटीत हे सगळं कुणाच्या लक्षात येण्याआधी होऊन गेलेलं असतं.

विदर्भातल्या घरांत आणखी एक गोष्ट हमखास घडते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. उन्हाळ्यात वाद्य ‘थंडाव्याला’ म्हणून कूलरच्या समोर ठेवतात. कूलर हवा गार करतो ती पाण्याच्या वाफेनं, त्यामुळे त्या झोतात ओल असते. दिवसभर ओली हवा, वीज गेली की पुन्हा कोरडी भट्टी, असा झोका लाकडाला रोज बसतो. पेटी घराच्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून थोडी वर, सुती कापडात ठेवणं हे कूलरपेक्षा कितीतरी बरं. बंद मोटारीच्या डिकीत दुपारभर ठेवणं सगळ्यांत वाईट, आणि ते करणारे सहसा मोठेच असतात.

मुलाकडून नुकसान होत नाही असं नाही. नवशिका जोरात भाता मारतो. प्रत्येक सुरामागे एक पितळी जीभ असते, तिलाच आपण रीड म्हणतो. ती हवेनं थरथरते तेव्हा आवाज येतो. गरजेपेक्षा जास्त दाबानं ती वर्षानुवर्षं थरथरवली तर मुळाशी थकते आणि एक दिवस तुटते. पण तुटलेली रीड बदलता येते, आणि भाता हळू मारायला शिकवणं दोन बैठकींचं काम आहे. रोज वाजणाऱ्या पेटीत पट्टी अडकली, भाता गळू लागला, कुठं कुरतडल्याचा भुसा पडला, तर ते त्याच आठवड्यात कळतं. माझ्या मते वाजवणारं मूल हे पेटीचं सगळ्यांत चांगलं राखण आहे.

‘वाजवली की पेटीचा सूर आपोआप खुलतो’

ही समजूत दुसऱ्या टोकाची. द्यायला तयार असलेले लोक हे कारण पुढं करतात. वाद्य वापरात राहिल्यानं त्याची देखभाल होते, भाता मोकळा राहतो, रीडवर धूळ बसत नाही, इतकं खरं. पण वाजवण्यानं लाकडाचा आवाजच सुधारतो याला पुरावा हवा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन जुळी व्हायोलिनं घेतली. एक व्यावसायिक वादकाकडे नियमित वाजत राहिलं, दुसरं संग्रहालयात नियंत्रित हवेत राहिलं. तीन वर्षांनी वादकांना आणि श्रोत्यांना दोघांत ठाम फरक सांगता आला नाही. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. त्यामुळे मुलाला पेटी द्यायची तर मुलाला संगीत यावं म्हणून द्या. तेवढं कारण पुरेसं आहे.

‘जुनं ते सगळ्यात चांगलंच’

२०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला एकवीस व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर गडद चष्मे लावून तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस होती, एक ग्वार्नेरी. सगळ्यांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसला. पेटीवर असा प्रयोग मला ठाऊक नाही, पण धडा घेण्यासारखा आहे. ‘पॅरिस रीड’ किंवा ‘जर्मन रीड’ असलेल्या जुन्या पेट्यांना आपल्याकडे मान आहे. ज्या हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ यांनी १८४० च्या दशकात घेतलं, त्याला कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याचं, जमिनीवर बसून वाजवायचं रूप दिलं. तेव्हापासून बराच काळ चांगल्या रीड युरोपातून येत. त्या रीड खरोखर उत्तम आहेत. पण भाता गळत असेल तर उत्तम रीडही श्वास नसलेल्या गायकासारखी होते. मुलाला पेटी देण्याआधी सगळ्या पट्ट्या सोडून भाता भरा आणि तो किती वेळात आपोआप बसतो ते पाहा. भराभर बसला तर आधी गळती काढा. गळक्या पेटीवर शिकणारं मूल जोरात भाता मारायलाच शिकतं.

म्हणूनच ‘आधी स्वस्तातली पेटी घेऊन दे, हात बसला की आजोबांची’ हा सल्ला मला पटत नाही. कान याच काळात घडतो. बेसूर वाद्यावर दोन वर्षं घालवली तर ती दोन वर्षं पुन्हा पुसावी लागतात.

‘जुनी पेटी मोबाइलच्या तानपुऱ्याशी जुळत नाही, म्हणजे बेसूर झाली’

हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो. आजची मुलं मोबाइलवर तानपुरा लावून बसतात. जुनी पेटी त्याच्याशी किंचित वेगळी लागते. मूल सांगतं, ‘बाबा, हिचे सूर उतरलेत.’ बाबा पेटी जवळच्या कुणाकडे तरी नेतात आणि तो सगळ्या रीड घासून देतो.

थांबून विचार करायला हवा. एकाच सुराला जगभर एकच कंपनसंख्या नव्हती. फ्रान्सनं १८५९ साली मधल्या धैवतासाठी, पाश्चात्त्यांच्या ‘ए’साठी, सेकंदाला ४३५ कंपनं हे प्रमाण ठरवलं. ४४० वर आंतरराष्ट्रीय सहमती झाली ती १९३९ साली लंडनच्या परिषदेत. मोबाइलमधलं अ‍ॅप मुळात ४४० वर असतं. ४३५ आणि ४४० मधला फरक एका अर्ध्या सुराच्या साधारण पाचव्या भागाइतका आहे, कानाला स्पष्ट जाणवणारा. म्हणजे पेटी आतल्या आत एकमेकांशी पूर्ण जुळलेली असू शकते, फक्त तिची पातळी वेगळी असते. बहुतेक तानपुरा अ‍ॅपमध्ये ही पातळी खालीवर करायची सोय असते. अ‍ॅप पेटीशी जुळवा, पेटी अ‍ॅपशी नव्हे.

रीड घासणं म्हणजे धातू काढणं. टोकाकडून घासली की सूर चढतो, मुळाकडून घासली की उतरतो. एकदा निघालेलं पितळ परत बसत नाही, आणि वारंवार घासलेली रीड पातळ होऊन लवकर तुटते. एखाद-दुसराच सूर गेला असेल तर बऱ्याचदा रीडखाली धूळ किंवा बारीक किडा अडकलेला असतो. पातळ कागदाच्या पट्टीनं तो निघतो. सगळी पेटी ‘लावून घेण्या’आधी जाणत्या कारागिराला ती आपापसांत जुळते का, एवढंच विचारा.

थंडीच्या रात्री उघड्या मांडवात आणखी एक गंमत होते. गारव्यात पितळी रीड किंचित चढते आणि बासरी उतरते. डिसेंबरात, मध्यरात्रीनंतर दोन्ही जुळेनात तर त्यात मुलाचा दोष नाही आणि पेटीचाही नाही.

‘आजोबांची खंजिरी आहे, तिला कायदा कशाला’

या भागात खंजिरी म्हटलं की तुकडोजी महाराज आठवतात. १९४२ च्या चिमूरच्या उठावाशी त्यांच्या भजनांचं नाव कायमचं जोडलं गेलं. गुरुदेव सेवा मंडळांत आजही पोरं खंजिरी हाती घेऊनच भजनात बसतात. आताच्या खंजिऱ्या शेळीच्या कातड्याच्या किंवा प्लास्टिकच्या पडद्याच्या असतात. पण जुन्या काही खंजिऱ्या आणि दिमड्यांवर घोरपडीचं कातडं आहे. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येते. अशी वस्तू बाळगायला मालकीचं प्रमाणपत्र लागतं. वारशानं आली तर नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं कळवायचं असतं. विकायला तर मनाई आहेच. जुन्या विलायती ऑर्गनच्या पट्ट्यांवर हस्तिदंत असेल तर तोही प्रश्न तसाच. मुलानं ती खंजिरी घेऊन शाळेच्या स्पर्धेला जाण्याआधी, तिचा फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारून यावं. नवीन कातडं मढवून घेणं हा सोपा मार्ग वाटतो, पण जुनं कातडं काढून टाकण्याआधीही विचारूनच घ्यावं.

‘घरातलंच मूल आहे, ठरवायचं काय त्यात’

इथं बरीच घरं चुकतात. पेटी दिली की उसनी दिली, हे कुणीच स्पष्ट बोलत नाही. मूल समजतं आपली झाली. काकांना वाटतं वारसा परस्पर एकाला गेला. दोन वर्षांनी शिकायला नागपूर-पुण्याला जाताना पेटी सोबत न्यायची की नाही यावर घरात अबोला होतो. जर्मनीत १९९३ पासून एक सरकारी-खासगी वाद्यनिधी तरुण वादकांना मौल्यवान जुनी वाद्यं उसनी देतो. तिथं मुदत, तपासणी, परतीची अट सगळं लेखी असतं. त्यामुळे विश्वास कमी होतो असं कुणी म्हणत नाही.

घरात कराराची गरज नाही, पण चार गोष्टी वहीत लिहून दोघांनी वाचाव्यात. पेटी कुणाची आहे. कुठवर न्यायची, मांडवात न्यायची का. मित्राला द्यायची का. बिघाड झाला तर आधी कुणाला सांगायचं, आणि सांगितल्यावर रागवायचं नाही हेही लिहावं, कारण मार बसेल या भीतीनं मूल तुटकी रीड लपवतं आणि लपवलेला बिघाडच वाढतो. देण्याच्या दिवशी पेटीचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवावेत.

पेटी मंडळाची असेल तर गोष्ट थोडी वेगळी. अठरा वर्षांखालचं मूल भारतीय करार कायद्यानुसार करार करू शकत नाही, म्हणून कागदावर सही पालकांची घ्यावी. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देण्याबद्दल त्याच १८७२ च्या कायद्यात म्हटलं आहे की, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली, तर होणाऱ्या झिजेची जबाबदारी घेणाऱ्यावर येत नाही. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. चार वर्षं भजनात वाजवल्यावर भाता झिजला म्हणून मुलाच्या बापाकडून पैसे मागणं बरोबर नाही.

‘मुलीला कशाला, ती तर जाणार’

मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या चीजवस्तूंत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत तो तसा आहे, आणि पेटी ही चीजवस्तूच. शिवाय उसनी देताना वारसाचा प्रश्नच येत नाही. जी वाजवते तिला द्यावी. झाडीपट्टीच्या रंगमंचावर आज स्त्रिया उभ्या राहून गातात. एके काळी त्याच भूमिका पुरुष लुगडं नेसून करत. पेटीमागं मुलगी बसायला मग कसली हरकत?

देण्याचा महिना निवडायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पाऊस सरलेला असतो, थंडी यायची असते, लाकूड स्थिर असतं आणि पुढचे पाच महिने हवा वाद्याला मानवते. पहिला उन्हाळा येईल तेव्हा एप्रिलमध्ये पेटी एकदा उघडून आतला भाता मुलासोबत तपासा, सरस सुटलेला सांधा दिसला तर मेच्या आधी दुरुस्त करून घ्या.