४×५ साठी स्वस्तातली वाइड लेन्स

पेणच्या गणपती कारखान्यात ४×५चा कॅमेरा लावला की पाठ भिंतीला टेकते, तरी १५० एमएममध्ये जेमतेम दोन मूर्ती मावतात. तिथे ९० एमएमच हवी. साध्या ३५ एमएम कॅमेऱ्यावरच्या २८ सारखी धरा.

नव्या लेन्सचं नाव काढू नका. जुनी श्नायडर अँग्युलॉन ९० एमएम एफ/६.८ शोधा. मुठीत मावते, खिशालाही परवडते. पण एफ/२२ला फिल्म जेमतेम झाकते, त्यामुळे राइज, म्हणजे लेन्स वर सरकवणं, विसरा.

रोह्यात धावीर महाराजांचं देऊळ कॅमेरा न कलवता घ्यायचंय? मग फुजिनॉन एसडब्ल्यू ९० एफ/८ घ्या. महाग, पण प्रतिमेचं वर्तुळ २१६ एमएमचं, म्हणजे राइजला जागा!

घेताना एक सेकंदाचं शटर कानाने ऐका. आणि आपल्या कोकणी हवेत राहिलेली लेन्स असेल तर टॉर्च मारून बुरशी बघाच.

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.