उद्घाटन सोहळा कोणासाठी?
(बाल-युवा क्रीडा महोत्सव आणि प्रेक्षकांच्या अपेक्षा)

दरवर्षी डिसेंबर महिना उजाडला की विद्यालयाच्या मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा उमटतात, घोषपथकाचा सराव भल्या पहाटे सुरू होतो आणि वसतिगृहाच्या व्हरांड्यात गणवेशांना इस्त्री करण्यासाठी रांग लागते. आंतरशालेय क्रीडा महोत्सव जवळ आल्याची ही खूण. याच सुमारास पालकांकडून आणि माजी विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : "यंदा उद्घाटनाला काय विशेष आहे?"

प्रश्न आपुलकीचा असतो, याविषयी शंका नाही. परंतु याच मैदानावर आधी विद्यार्थी म्हणून रांगेत उभे राहिलेले आणि पुढे आयोजनाची जबाबदारी सांभाळलेले आम्ही जेव्हा त्या प्रश्नाचा विचार करतो, तेव्हा त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला दिसतो. मुलांच्या स्पर्धेचा उद्घाटन सोहळा नेमका कोणासाठी असतो? पाहणाऱ्यांसाठी, व्यासपीठावर बसणाऱ्यांसाठी, की खेळणाऱ्यांसाठी? स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाची थोडी उकल करावी, असा या लेखाचा हेतू आहे.

सोहळ्याची अंगे आणि त्यांचा अर्थ

आपल्या शालेय स्पर्धांतील उद्घाटनाचा आराखडा बव्हंशी ऑलिंपिककडून आलेला आहे. संघांचे संचलन, ध्वजारोहण, क्रीडाज्योत, शपथ आणि स्पर्धा सुरू झाल्याची घोषणा ही त्याची मुख्य अंगे होत. ही सर्व अंगे एकाच वेळी निर्माण झाली नाहीत. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळाडूंनी आपापल्या देशाच्या ध्वजामागे संचलन केले. खेळाडूंची शपथ प्रथम १९२० मध्ये अँटवर्प येथे घेतली गेली. बेल्जियमच्या व्हिक्टर बोईन यांनी ती सर्वांच्या वतीने उच्चारली. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकपासून संचलनात ग्रीस सर्वप्रथम आणि यजमान देश सर्वांत शेवटी, अशी प्रथा पडली. ग्रीसमधील ऑलिंपिया येथून ज्योत धावत आणण्याची पद्धत १९३६ पासूनची आहे.

यजमान शेवटी का, हे आपल्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागत नाही. पाहुण्यांची पंगत आधी आणि घरच्यांची मागाहून, हाच तो संस्कार. आपल्या महोत्सवातही पाहुणे संघ आधी येतात आणि आपला संघ सर्वांत शेवटी मैदानात उतरतो.

या सर्व अंगांत शपथेचे स्थान वेगळे आहे. संचलन पाहता येते, ज्योतीचे छायाचित्र घेता येते. शपथ मात्र ऐकावी लागते. आपल्या विद्यालयात महोत्सवाचा आरंभ त्रिसरण-पंचशील ग्रहणाने होतो. शील कोणी लादत नाही. ज्याने त्याने ते समजून स्वीकारायचे असते. खेळाडूच्या शपथेचेही तसेच आहे. नियम पंच पाळून घेतीलच. पण 'मी नियमाने खेळेन' हे वचन खेळाडूने चारचौघांत स्वतःहून द्यायचे असते. वचन म्हटले की साक्षीदार आला. म्हणून उद्घाटनाला जमलेली मंडळी केवळ प्रेक्षक नसतात, तर त्या वचनाची साक्षीदार असतात. आमच्या मते सोहळ्याचे मर्म येथे आहे.

प्रेक्षकांच्या अपेक्षा

प्रेक्षक मैदानावर येतात ते मुख्यतः तीन अपेक्षा मनात धरून. पहिली अपेक्षा भव्यतेची. मोठमोठे सोहळे पाहून डोळ्यांना एक सवय लागली आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी घराघरांत रंगीत दूरचित्रवाणी येऊ लागली होती. त्या सोहळ्याच्या आठवणी आमच्या पिढीतील अनेकांच्या मनात अजून ताज्या आहेत. गावाकडचा महोत्सवही तसाच दिसावा, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

दुसरी अपेक्षा आपले मूल दिसावे ही. वसतिगृहात मूल ठेवून गेलेली आई महिनोन्‌महिने त्याला भेटलेली नसते. चारशे मुलांच्या संचलनात ती एकच चेहरा शोधत असते. तिच्यासाठी तो चेहरा दिसला की सोहळा सफल झाला.

तिसरी अपेक्षा मानाची. प्रमुख पाहुणे कोण, सत्कार कोणाचा, नाव कोणत्या क्रमाने घेतले गेले, यांकडे अनेकांचे बारीक लक्ष असते. देणगीदारांचा आणि ज्येष्ठांचा मान राखला जावा, यात गैर काही नाही. परंतु तीन अपेक्षांपैकी ही तिसरीच कार्यक्रमपत्रिकेची सर्वाधिक जागा खाते, हा आमचा अनुभव आहे.

या तिन्ही अपेक्षांत रांगेत उभ्या असलेल्या मुलाची अपेक्षा कोठेच येत नाही. त्याला काय हवे असते? त्याला लवकर खेळायला मिळावे, आणि आपण आलो आहोत याची कोणीतरी दखल घ्यावी, इतकेच.

युवा ऑलिंपिकने काय वेगळे केले?

तरुणांच्या स्पर्धांचा सोहळा प्रौढांच्या सोहळ्याची लहान प्रत असावी काय, हा प्रश्न जागतिक पातळीवरही पुढे आला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुलै २००७ मध्ये ग्वाटेमाला येथील अधिवेशनात युवा ऑलिंपिकला मान्यता दिली आणि १४ ऑगस्ट २०१० रोजी सिंगापूरच्या मरीना बे येथील तरंगत्या व्यासपीठावर पहिल्या युवा ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. दीपगृहाच्या आकाराच्या स्तंभावरील ज्योत कोणा विख्यात विजेत्याने नव्हे, तर डॅरेन चॉय या किशोरवयीन शिडनौका-खेळाडूने प्रज्वलित केली. याच सोहळ्यात खेळाडू आणि पंच यांच्या बरोबरीने प्रशिक्षकांनीही प्रथमच शपथ घेतली. मुलांच्या खेळात मोठ्यांच्या हाती मोठी सत्ता असते. त्यामुळे वचन मोठ्यांनीही द्यावे, हे आम्हांस अत्यंत उचित वाटते.

१२ फेब्रुवारी २०१६ रोजी नॉर्वेतील लिलहॅमर येथे हिवाळी युवा ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. तेथील ज्योत बारा वर्षांच्या राजकन्या इन्ग्रिड अलेक्झांड्रा हिने प्रज्वलित केली. १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याच ठिकाणी तिच्या वडिलांनी, युवराज हाकोन यांनी, ज्योत पेटवली होती. एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हाती काहीतरी सोपवले जाते, हा ज्योतीचा अर्थ तेथे शब्दांवाचून स्पष्ट झाला.

सर्वांत धाडसी बदल अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स येथे ६ ऑक्टोबर २०१८ रोजी झाला. सोहळा स्टेडियममध्ये न घेता शहराच्या मध्यभागी, ओबेलिस्क या उंच स्मारकापाशी, भर रस्त्यावर घेण्यात आला. तिकीट नव्हते. सुमारे दोन लाख लोक जमले. या स्पर्धेत मुले आणि मुली यांची संख्या समान ठेवण्यात आली होती. भारताचा तिरंगा सोळा वर्षांच्या मनू भाकरच्या हाती होता. पुढे २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदके मिळवणारी नेमबाज ती हीच. ज्यांना एरवी कुंपणाबाहेर राहावे लागले असते, असे लोक त्या दिवशी साक्षीदार झाले.

आपल्या महाराष्ट्रालाही असा मान मिळालेला आहे. १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात पुण्याच्या बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात तिसऱ्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या आणि पदकतालिकेत भारत अग्रस्थानी राहिला.

भव्यतेच्या हव्यासाला एक काळी बाजूही आहे. १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकच्या उद्घाटनात शांततेचे प्रतीक म्हणून कबुतरे सोडण्यात आली. त्यांतील काही ज्योतपात्राच्या कडेवर जाऊन बसली आणि ज्योत पेटताच होरपळली. शांततेच्या नावाने निष्पाप जीवांचा बळी गेला. पुढे जिवंत कबुतरांची जागा हळूहळू प्रतीकरूपातील पक्ष्यांनी घेतली. ज्यांच्या नावाने सोहळा करावयाचा, त्यांनाच त्याची झळ लागत नाही ना, हे आयोजकांनी प्रथम पाहावे, असा धडा यातून मिळतो.

आमचा अनुभव आणि आमची चूक

ही झळ आम्ही जवळून पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी विद्यालयाचा संघ घेऊन आम्ही एका मोठ्या स्पर्धेस गेलो होतो. सकाळी साडेआठला संघ रांगेत उभे केले गेले. कार्यक्रम नऊचा होता; प्रमुख पाहुणे साडेअकराला आले. त्यानंतर स्वागत, सत्कार आणि भाषणे. आमच्या संघातील आठवीची एक मुलगी उन्हात घेरी येऊन खाली बसली. दुपारी तिची आठशे मीटरची शर्यत होती. ती धावली, पण दुसऱ्या फेरीत तिला थांबावे लागले. परतीच्या गाडीत ती कोणाशी बोलली नाही. व्यासपीठावरून तिच्याच पिढीच्या उज्ज्वल भविष्याविषयी पाऊण तास भाषणे झाली होती.

परंतु दोष इतरांच्याच माथी मारून आम्हांला मोकळे होता येणार नाही. पुढच्याच वर्षी आपल्या महोत्सवात आम्ही दोनशे मुलांचे लेझीम बसवले. तीन आठवडे सराव चालला. खेळाच्या सरावाचे तास त्यात गेले. उद्घाटन देखणे झाले, टाळ्याही मिळाल्या. मात्र ते इतके लांबले की लांबून आलेल्या पालकांना परतीची एस.टी. गाठण्यासाठी शर्यती सुरू होण्यापूर्वीच निघावे लागले. मुले धावली तेव्हा त्यांची माणसे फाटकाबाहेर थांब्यावर उभी होती. त्या संध्याकाळी शिक्षकांच्या बैठकीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

त्यानंतर काही नियम ठरले आणि ते आजही पाळले जातात. उद्घाटन सकाळी साडेआठला सुरू होते आणि चाळीस मिनिटांत संपते. पाहुण्यांना उशीर झाल्यास कार्यक्रम थांबत नाही. तथागत बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांना पुष्पहार अर्पण केल्यानंतर मनोगत एकच, आणि तेही पाच मिनिटांचे. त्या वेळी मुले मैदानावर खाली बसतात. सत्कार सायंकाळी, समारोपाच्या वेळी होतात. लेझीम आहे, परंतु खेळाच्या तासाला हात न लावता बसवता येईल तेवढेच. उद्घाटन संपताच, कोणी जागेवरून उठण्यापूर्वी, पहिली शर्यत सुटते.

क्रीडाज्योत कोणी प्रज्वलित करावी, हे विद्यार्थी ठरवतात. एका वर्षी त्यांनी भोजनगृहातील मावशींचे नाव सुचवले. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी मुलांना भाकरी करून वाढली होती. "कोणी नामवंत मिळाले नाही काय?" असे एका हितचिंतकांनी आम्हांला विचारलेही. मावशी पांढरे लुगडे नेसून, ज्योत दोन्ही हातांनी घट्ट धरून चालत आल्या, तेव्हा माजी विद्यार्थ्यांची रांगच्या रांग उठून उभी राहिली. ते हितचिंतकही उभे राहिले.

साक्षीदाराचे काम

आता प्रेक्षकांकडून आमच्या काय अपेक्षा आहेत, तेही नम्रपणे सांगू. वेळेवर यावे. छायाचित्रासाठी धावपट्टीवर उतरू नये. मागे उभ्या असलेल्या आईलाही आपले मूल पाहायचे असते. शपथेच्या वेळी शांत राहावे आणि ती ऐकावी. आणि टाळ्या केवळ आपल्या संघासाठी राखून ठेवू नयेत.

या शेवटच्या विनंतीमागे एक कारण आहे. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. आपला महोत्सव नेमका त्याच काळात येतो. ही मुले संचलनात चालतात तेव्हा त्यांची माणसे दूर कोठेतरी फडात कोयता चालवत असतात. मंडपाकडे पाहून ही मुले कोणाला शोधत नाहीत, कारण कोणी आलेले नाही हे त्यांना ठाऊक असते. आमच्यापैकी काही जण अशीच नजर सरळ ठेवून या मैदानावर चाललो आहोत. त्या वेळी कोणा अनोळखी बाईने आमच्याकडे पाहून वाजवलेली टाळी इतक्या वर्षांनंतरही विसरता आलेली नाही.

म्हणून यंदा कोणी विचारले, "उद्घाटनाला काय विशेष आहे?", तर आमचे उत्तर असे असेल : आपण येणार आहात, हेच विशेष. आपले मूल दिसल्यावर हात जरूर हलवावा. त्यानंतर त्याच्या शेजारून, सरळ समोर पाहत चालणाऱ्या मुलासाठीही दोन टाळ्या वाजवाव्यात, एवढीच विनंती.