नव्व्याण्णव मेंढरांचं काय?

चित्रांतून मुलांशी ख्रिस्ती श्रद्धेबद्दल बोलणं मराठीला नवं नाही. अमेरिकन मराठी मिशननं 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक १८७३ साली काढलं. आम्हा मोठ्यांची खोड मात्र जुनीच: चित्र दाखवायचं आणि लगेच बोध सांगून मोकळं व्हायचं.

लूकच्या पंधराव्या अध्यायातलं हरवलेलं मेंढरू घ्या. पुस्तकात पांढऱ्या झग्यातला मेंढपाळ, खांद्यावर मेंढरू. आम्ही म्हणणार, 'हा देव, हे तू.' झालं! पण धुळ्यात, साक्रीकडच्या पोरानं ठेलारींचे कळप पाहिलेले असतात. लांडगा म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असतं. तो विचारतो, 'बाकीची नव्व्याण्णव कोणाकडे सोडली?'

लूक म्हणतो, रानात. चित्रात ती नसतातच.

प्रश्न आगाऊ नाही बरं का. एकासाठी सगळ्यांना धोक्यात टाकणारी माया शहाणी कशी? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही यावर तासन्‌तास घालवले, हिशेब काही जुळला नाही. म्हणून हल्ली आम्ही पान उलटायची घाई करत नाही. 'तू मेंढपाळ असतास तर?' एवढंच विचारतो.

जळगावात एक मुलगी हळूच म्हणाली, 'आणि हरवलेलं मेंढरू मीच असले तर?' आम्ही गप्प राहिलो. मग पोरंच आपसांत वाद घालू लागली.